डाव्या पायातला गिअर

भाचीच्या लग्नात तिच्या पाठीशी मामा म्हणून मी उभा नव्हतो, हे आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे. का नव्हतो तेही ठाऊक आहे असं सगळे समजतात. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून मामा रुसला, असं त्यांचं म्हणणं. ते खरं नाही. खरं काय ते मी आता लिहून ठेवतोय. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका ज्याला काढायच्या असतील त्यानं काढाव्यात, पण मजकुरात चूक नाही.

पत्रिकेचं झालं ते मात्र खरं आहे. बहिणीच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न. पत्रिका आली ती मी उघडली. मला वाचायला वेळ लागतो, पण स्वतःचं नाव कुठं आहे ते लगेच दिसतं. वर सगळे चुलते, दाजींच्या हापिसातले साहेब. माझं नाव अगदी तळाला, बारीक टायपात, कार्यालयाच्या फोन नंबरच्या वर. मी पत्रिका चुलीत घातली आणि पाहुण्यांच्या देखत बोललो, ‘‘माझं काय काम आहे तिथं? मी येत नाही.’’

बोलायचं म्हणून बोललो. दोन दिवसांनी बहीण स्वतः बिबवेवाडीहून खराडीला आली, ओट्यावर बसली, म्हणाली, दादा, छापणाऱ्यानं घोटाळा केला, आता परत छापायला वेळ नाही. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि माझा राग गेला. मी तिला शब्द दिला, की पोरीला मंडपात मीच घेऊन येणार. आणि आमच्याकडे नवरी गौरीहर पुजताना आणि अक्षता पडताना मामानं दिलेली पिवळी साडी नेसते, तीही मीच आणणार, माझ्या हातानं देणार.

बायको म्हणाली, साडी आदल्या दिवशी पाठवून देऊ. मी नाही म्हणालो. साडी माझ्याजवळ राहिली म्हणजे माझ्यावाचून पान हलणार नाही, असा माझा विचार होता. पत्रिकेत तळाला असलो तरी मंडपात मी पहिला दिसणार होतो.

आता गाडीचं सांगतो. माझ्याकडे बुलेट होती. दूध घालायच्या दिवसांपासून होती. त्या वेळी खराडी म्हणजे ज्वारी, ऊस आणि दगडाच्या खाणी. आता जिथं काचेच्या इमारती आहेत, तिथं बैल पाणी प्यायचे. रस्त्याला बुलेटचा आवाज आला की लोक मान न वळवता सांगायचे कोण आलं ते. त्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर पायाच्या बोटांनी वर उचलायचा, बाकीचे खाली दाबायचे. गाडी कुठल्याही गिअरमध्ये असू दे, टाचेनं एक बारका खटका दाबला की न्यूट्रल. वीस वर्षं मी ती अशीच चालवली. मला कधी विचार करावा लागला नाही, पाय आपले आपण करायचे.

लग्न रविवारी, बिबवेवाडीच्या कार्यालयात. लग्नाला गाडी चकचकीत दिसावी म्हणून मी ती येरवड्याच्या मिस्त्रीकडे सर्व्हिसिंगला टाकली. शनिवारी दुपारी देतो म्हणाला होता. शनिवारी गेलो तर इंजिन खोलून गोणपाटावर मांडलेलं. मिस्त्री म्हणाला, मालक, आत फार खराबी निघाली, सोमवारशिवाय नाही होत. मी त्याला बरंच काही बोललो. तो हात पुसत ऐकत राहिला. खोललेलं इंजिन बोलून जोडलं जात नाही.

तेव्हाच मी रविवारी सकाळच्या टेम्पोनं बायकोबरोबर जायला हवं होतं. भावकीतले सगळे त्या टेम्पोनं जाणार होते. पण मामानं टेम्पोत, बायका आणि पातेल्यांमध्ये बसून जायचं हे मला पटेना. चुलत भावानं नवीन जीप घेतली होती. त्यानं निरोप धाडला, दादा, माझ्या जीपमध्ये ये. त्या जीपचं कौतुक महिनाभर ऐकून माझे कान किटले होते. मी कळवलं, माझी सोय आहे.

सोय काहीच नव्हती. शेजारी एक तरुण राहायचा, कंपनीत कामाला. त्यानं नवी शंभर सीसीची मोटरसायकल घेतली होती, बारीक, हलकी, सायकलीला इंजिन लावल्यासारखी. मी तिला नेहमी हसायचो. शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याला रविवारी सकाळची पाळी होती, कंपनीच्या बसनं पहाटेच जाणार होता. त्यानं लगेच किल्ली दिली. पोरगा चांगला. म्हणाला, ‘‘काका, हिचे गिअर जरा वेगळे आहेत. चला, एक चक्कर मारू, दाखवतो.’’

‘‘तू चड्डी सावरत होतास तेव्हापासून गाडी चालवतोय मी. मला काय दाखवतोस?’’

तो हसला आणि घरात गेला. पुढं जे झालं त्याला दुसरं कुणीही जबाबदार नाही.

दिवस कार्तिकातले, तुळशीचं लग्न होऊन गेलेलं. पाऊस यायचं कारण नव्हतं. पण समुद्रात कुठं वादळ झालं आणि तीन दिवस पुण्यावर बारीक, गार, न थांबणारा पाऊस लागला. जोरात पडून मोकळा होणारा नव्हे. रात्रंदिवस टिपटिप, वर वारा, आणि अंगात शिरणारी थंडी. रविवारी सकाळी टेम्पो ताडपत्री बांधून गेला. जाताना बायको म्हणाली, अजून बसा, जागा आहे. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं.

पाऊस जरा थांबेल म्हणून वाट बघत बसलो. मुहूर्त बारा पस्तीसचा. आमच्या गावात बारा पस्तीस म्हणजे दीड, कधी दोन. मुहूर्तावर लग्न लागलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नवरा घोड्यावरून उतरत नाही, कुणी मानाच्या टॉवेलासाठी अडून बसतं, भटजी घड्याळ बघून बघून थकतो. पण मुलाकडचे शहरातले होते. मुलाचे वडील मास्तर. त्यांच्याकडे घंटा वाजली की वाजली. हे मला कळायला हवं होतं.

साडेदहाला निघालो. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत पोटाशी बांधली. घराला कुलूप लावलं. किक मारली, गाडी लगेच सुरू झाली. मी सवयीनं उजवा पाय वर उचलला. बोटांना काहीच लागलं नाही. दाबला, तर नुसता ब्रेक. मग ध्यानात आलं की गिअर डाव्या पायात आहे. डाव्यानं वर उचलून बघितला, काही झालं नाही. खाली दाबला तेव्हा खट्ट करून पहिला पडला आणि गाडीनं असा हिसका दिला की मी ओट्याच्या पायरीवर आदळता आदळता राहिलो. आळीत कुणी नव्हतं. पावसामुळं माणसं घरात. त्या वेळी बरं वाटलं की कुणी बघितलं नाही.

ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. त्या गाडीचे चारही गिअर डाव्या पायानं खाली दाबायचे. आणि माझा डावा पाय वीस वर्षं ब्रेक दाबत आलेला. समोर म्हैस आली की मी डावा पाय दाबायचो, आणि ब्रेक लागायच्या ऐवजी वरचा गिअर पडून गाडी म्हशीच्या अंगावर जायची. वेग घ्यायचा म्हणून उजवा पाय दाबायचो, तर मागचं चाक जाग्यावर धरायचं आणि ओल्या डांबरावर गाडी आडवी फिरायची. मनाला सगळं समजत होतं. मी मोठ्यानं बोलत चाललो होतो, डावा गिअर, उजवा ब्रेक, डावा गिअर, उजवा ब्रेक. पण समोर काही आलं की पाय माझं ऐकत नव्हते. माझेच पाय, आणि मी त्यांना विनवण्या करत होतो.

नगर रोडला लागल्यावर पहिल्यांदा पडलो. फार लागलं नाही, गुडघा खरचटला. उठलो, आधी पिशवी चाचपली. साडी कोरडी होती. मग ठरवलं, दुसऱ्या गिअरच्या वर जायचंच नाही. दोन्ही पाय पायट्यांवरून काढले, जमिनीच्या जवळ लोंबते ठेवले आणि बैलगाडीच्या चालीनं निघालो. पाऊस तोंडावर. हाताची बोटं वळेनात. इंजिन दुसऱ्या गिअरात रडत होतं. ट्रकवाले अंगावर पाणी उडवून जात होते.

येरवड्याला मिस्त्रीचं दुकान रस्त्यावरच होतं. रविवार म्हणून बंद. पुढं जाळीचं दार, त्यातून आतलं दिसत होतं. मी थांबलो. म्हणजे ब्रेक मारायला गेलो आणि गाडी बंद पडली, तिथंच. जाळीतून माझी बुलेट दिसत होती, स्टँडवर, मधला भाग रिकामा. चुना द्यायला सामान बाहेर काढलेल्या घरासारखी. मी जाळी धरून किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. मिस्त्री कुठं राहतो हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काय करणार होतो?

शेजारच्या पानवाल्याच्या घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते. त्याच्याकडे टेलिफोन होता. कार्यालयाला फोन करून सांगावं, की येतोय, थांबा, असं एकदा मनात आलं. पण नंबर पत्रिकेवर होता आणि पत्रिका मी जाळली होती. कार्यालयाचं नाव सांगून कुणाला तरी नंबर काढायला लावता आला असता. पण फोनवर सांगणार काय? मला ही गाडी चालवता येत नाही म्हणून? ते शब्द तोंडातून यायला तयार नव्हते. मी पान घेतलं नाही, फोन केला नाही, किक मारली.

बंडगार्डनच्या पुलापलीकडे सिग्नलला माझ्यामुळं मागं रांग लागली. हिरवा झाला आणि मला पहिला गिअर सापडेना. कुठल्या गिअरात गाडी आहे तेच कळेना. शेजारी स्कूटरवर रेनकोट घातलेले एक गृहस्थ होते, चष्म्यावर पाण्याचे थेंब. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘आपण थांबायचं ठरवून थांबलाय, की हे आपोआप झालंय?’’

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी गाडीवरून खाली उतरलो. ते गेले. मी गाडी ढकलत कडेला घेतली.

रिक्षा का केली नाही, हे मला कुणी विचारलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही. मी स्वतःला विचारलंय. तिथं रिक्षा उभ्या होत्या. मी स्वतःला सांगत होतो की दुसऱ्याची नवी गाडी रस्त्यात टाकून कशी जायची. ते खरंच आहे. पण अर्धंच. मामा रिक्षातून उतरला असता, तर चुलत भाऊ जीपला टेकून विचारणार होता, का रे दादा, बुलेट कुठं आहे? तेवढ्यासाठी मी परत किक मारली.

गोळीबार मैदानापर्यंत कसातरी आलो. पुढं मार्केट यार्डाच्या बाजूला रस्ता खराब. भाजीचे ट्रक आत-बाहेर करत असतात, त्यात तीन दिवसांचा पाऊस, कोबीची पानं आणि चिखल यांचा नुसता काला झालेला. एक हातगाडीवाला कांद्याची पोती घेऊन आडवा आला. मी पूर्ण जोर लावून डावा पाय दाबला.

गाडी पुढं उडाली. हातगाडी चुकवली ते माझं नशीब. मी आणि गाडी कडेच्या डबक्यात. डोकं वाचलं. छातीपर्यंत चिखल, तोंडात चिखल. हमालांनी धावत येऊन मला उचललं, गाडी उभी केली. एक जण म्हणाला, ‘‘मामा, लागलं का?’’ मामा तर तिकडं कुणालाही म्हणतात. मला तो शब्द ऐकवेना.

पायटा वाकला होता. इंजिनात पाणी गेलं होतं, किकवर किक मारल्या, आवाज नाही. मी पिशवी बाहेर काढून बघितली. साडी कोरडीच. पिवळी, हिरव्या काठाची, घडी मोडलेली नाही. हमाल बघत होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला वेळ विचारली. त्यानं आतल्या गाळ्यात जाऊन बघून सांगितलं, बारा दहा.

तिथून कार्यालय चालत पंधरा-वीस मिनिटांवर. गाडी कांद्याच्या गाळ्याच्या भिंतीला लावली, म्हाताऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं. तसाच पळालो असतो तर मंगलाष्टकं सुरू होता होता पोचलो असतो. पण मी पळालो नाही. गाळ्याच्या मागं नळ होता. तिथं मी सदरा धुतला, पायजमा धुतला, तोंड, केस, कानांतला चिखल धुतला. गुडघ्याचं रक्त धुतलं. पडलेला मामा कुणाला दिसू नये म्हणून. नुसता भिजलेला माणूस दिसावा, जो आपल्या मर्जीनं उशिरा आला. असं मी ठरवून केलं नाही, पण झालं तेच.

कार्यालयाच्या दाराशी आलो तेव्हा शेवटचा ‘सावधान’ ऐकू आला आणि बँड वाजला. अक्षता पडल्या. मी दारातच थांबलो. माणसांच्या डोक्यांवरून मला पोरगी दिसली. तिच्या अंगावर पिवळी साडी होती, कुणाची तरी, जुनी, काठ विटलेला. नंतर कळलं, बहिणीची स्वतःच्या लग्नातली. आमच्या आईच्या भावानं दिलेली. मामा येत नाही असं दिसल्यावर ती पेटीतून मागवून घेतली होती. आणि तिच्या मागं, मामानं धरायची ती लिंबू खोचलेली कट्यार हातात घेऊन माझा चुलत भाऊ उभा होता.

ते बघून मला जेवढं वाईट वाटलं तेवढंच असतं तर मी ते गिळलं असतं. पण मग बायको गर्दीतून आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आधी विचारलं, ‘‘दाजी कुठंयत?’’

मला काही कळेना. मी विचारलं, दाजी म्हणजे?

दाजी म्हणजे नवरीचे वडील, तिथं नव्हते. अकरा वाजेपर्यंत मी आलो नाही तेव्हा कुणीतरी म्हणालं, मामा रुसलाय, तो बोललाच होता येत नाही म्हणून. बायको सांगत होती मागून येतायत, पण ते कुणाला पटेना. आमच्यात रुसलेल्याला आणायला कुणीही जाऊन चालत नाही, मानाचं माणूस जावं लागतं. दाजी तसे अबोल, हापिसातले कारकून, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेच उठले. म्हणाले, माझ्या घरचं कार्य आहे, मी जाऊन पाया पडतो, येतील ते. चुलत भावाच्या जीपनं, त्याच्या ड्रायव्हरला घेऊन ते खराडीला गेले, मुंढव्याच्या रस्त्यानं. मी येरवड्यानं येत होतो. त्यांना माझ्या घराला कुलूप दिसलं. परत येताना रेल्वेच्या फाटकात अडकले. इकडं मास्तरांनी घड्याळ बघितलं, मुहूर्त टळू द्यायचा नाही म्हणाले, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणजे मुलीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा तिथं तिचा मामाही नव्हता आणि बापही नव्हता.

दाजी वीस मिनिटांनी आले. जीपमधून उतरले, टोपी भिजलेली, हातात छत्री मिटलेली. मला दारात बघितलं. मी वाट बघत होतो की हा माणूस आता मला काहीतरी बोलेल. बोलला असता तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. त्यांनी हात जोडले.

‘‘आलात आपण. बरं झालं. चला, कन्यादान व्हायचंय अजून.’’

एवढं म्हणून आत गेले. त्यांनी शेवटपर्यंत त्या दिवसाचा विषय काढला नाही. किती तरी वेळा आम्ही एकत्र जेवलो, एका दिवाणावर झोपलो.

पंगतीच्या वेळी चुलत भाऊ कट्यार खांद्याला लावून आला. चार माणसं जवळ होती. ‘‘काय दादा, रुसवा निघाला का? का अजून एक जीप पाठवू?’’

सगळे हसले. मीही तोंड हसल्यासारखं केलं. म्हणालो, ‘‘आलो ना? मग झालं.’’

बहीण मला भेटली ती नवरीच्या खोलीत. मी पिशवी पुढं केली. तिनं साडी उलगडून बघितली नाही. ठेव तिथं, म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पोरगी बाहेर होमाला बसलेली. बहिणीनं दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं,

‘‘दादा, पत्रिकेचं अजून मनात होतं का?’’

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. एक, की मी सांगावं, बाई, मला ती गाडी चालवता आली नाही, मी दोनदा पडलो, गिअर कुठल्या पायात आहे ते मला कळत नव्हतं, म्हशीसमोर मी भ्यालो, सिग्नलला लोक मला हसले. दुसरी, की मी रुसलो होतो. रुसलेला मामा म्हणजे निदान ताठ माणूस. लोक नावं ठेवतील, पण हसणार नाहीत. मला वाटलं, हे चार दिवसांचं आहे, निवळेल.

मी म्हणालो, ‘‘होतं.’’

तिनं मान हलवली. डोळे पुसले नाहीत, कारण पुसायला काही नव्हतं. दार उघडून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मी मार्केट यार्डातून गाडी टेम्पोत घालून आणली, पायटा सरळ करून घेतला आणि शेजाऱ्याला किल्ली परत दिली. तो म्हणाला, चालली का नीट, काका? मी म्हणालो, हलकी आहे, वाऱ्यानं उडते. मंगळवारी बुलेट आली. ती माझ्याकडे पुढं अकरा वर्षं होती. मी परत दुसऱ्याची गाडी कधी मागितली नाही.

निवळलं काहीच नाही. बहीण दिवाळीला ओवाळायची, राखी बांधायची. मान कुठं कमी पडू द्यायची नाही. पत्रिका छापायची असली की आधी माझ्याकडे आणायची, बघून घे दादा, तुझं नाव बरोबर आहे ना. भावकीतल्या प्रत्येक कार्याच्या आधी मला आठवडाभर सगळे जपायचे, मामांना आधी सांगा, मामांना विचारा. मी चिडायचो, आणि मी चिडलो की ते आणखी जपायचे. भाची सासरहून आली की पाया पडायची, पण माझ्याजवळ बसून कधी काही मागितलं नाही. मागितलं तर मामा रुसेल, असं तिच्या मनात असणार. त्या पिवळ्या साडीचं पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

दाजी गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला मी ठरवलं होतं की बहिणीला सांगायचं. त्या दिवशी जमलं नाही, नंतरही जमलं नाही. शेवटी गेल्या वर्षी, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, मी बिबवेवाडीला तिच्या फ्लॅटवर आठ दिवस होतो. दुपारची वेळ, ती गवार निवडत होती. मी सुरुवात केली. सगळं सांगितलं. मिस्त्रीपासून. म्हैस, सिग्नलचा माणूस, कांद्याची हातगाडी, नळ. नळाचं दोनदा सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. हातातली शेंग मोडली, शिरा काढल्या. मग म्हणाली, ‘‘दादा, तुला गाडी चालवता आली नाही? हे तू मला सांगतोस?’’

मी म्हणालो, अगं, गिअर डाव्या पायात होता. माझ्या गाडीचा उजव्या पायात. उठून उभा राहिलो, भिंतीला धरून तिला पायानं करून दाखवलं, इकडं हे, इकडं ते, थांबायला गेलो की गाडी पळायची. पंचाहत्तरीचा माणूस हॉलमध्ये पाय आपटतोय. ती माझ्या पायांकडे बघत होती. तिनं जन्मात गाडी चालवलेली नाही.

‘‘गिअर इकडं काय आणि तिकडं काय,’’ ती म्हणाली, ‘‘पाय तर तुझेच होते ना?’’

शपथ घेतो म्हणालो. ती म्हणाली, शपथा नकोत. शेजारच्याला विचार म्हणायची सोय नव्हती, तो घर विकून केव्हाच दुसरीकडे गेला. मिस्त्री गेला. कांद्याचा म्हातारा तर तेव्हाच म्हातारा होता. बायकोलाही मी खरं कधी सांगितलं नव्हतं. चिखल मी माझ्या हातानं धुऊन टाकला होता.

‘‘खराडी ते आळंदी एका हातानं बुलेट चालवायचास तू,’’ ती म्हणाली. ‘‘आईला मागं बसवून. मी बघितलंय. आता वय झालं म्हणून असं काहीतरी जुळवतोस. कशाला? ह्यांनी तुला कधी बोल लावला का? मी लावला? मी तुला तेव्हाच माफ केलं होतं, दादा. पोरीनं पण केलं.’’

मी म्हणालो, मला माफी नकोय, मी रुसलो नव्हतो.

‘‘बरं, नव्हतास,’’ ती म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं, आणि उठून चहा टाकायला गेली.

मी तिथंच बसून राहिलो. आतून भांड्याचा आवाज येत होता. मला परत एकदा सुरुवातीपासून सांगावंसं वाटत होतं, पण यापेक्षा वेगळं काय सांगणार होतो ते मला कळत नव्हतं. तिनं कप आणून माझ्या हातात दिला आणि परत गवार घेऊन बसली.

‘‘घे,’’ म्हणाली. ‘‘निवतोय.’’